पावसानंतर बागेतील फुलांचे छायाचित्रण: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

कोकणातील आमच्या परसात पावसाळ्यात फुले टिपताना मला पटले, की कॅमेऱ्याच्या आधी फुलाची वेळ ओळखावी लागते. जास्वंद बहुधा एकच दिवस टिकते, गुलबक्षी दुपार कलल्यावर उमलते आणि पारिजातकाचा सडा पहाटेच पडतो; त्यामुळे सर कोणत्या वेळी ओसरली, यावरून कोणत्या झाडाकडे जायचे ते ठरते. आभाळ ढगाळ असेपर्यंत उजेड मऊ असतो, कडक ऊन पडताच ओल्या पाकळ्यांवर पांढरे डाग उठतात.

नवख्यांनी थेंबापासून सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सांगेन. पात्याच्या टोकाला लोंबणारा थेंब भिंगाचे काम करतो आणि वीतभर मागे असलेली जास्वंद त्यात उलटी, पण पाकळ्यांच्या शिरांसकट दिसते. फोकस थेंबाच्या कडेवर नव्हे, तर त्यातल्या या इवल्या प्रतिमेवर साधायचा असतो. ऑटोफोकस इथे हमखास चकतो, म्हणून मी तो बंद करून स्वतःच किंचित पुढेमागे झुकतो. मॅक्रो लेन्सने (अगदी जवळून टिपणाऱ्या लेन्सने) फूल सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या भागावर, मूळ आकाराएवढे घेतले, तर एफ/8 वरही (एफचा आकडा जितका मोठा, तितके लेन्सचे छिद्र लहान) जेमतेम मिलिमीटरभर खोलीच स्पष्ट येते; एफ/16 च्या पुढे गेल्यास मात्र विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून येताना प्रकाश पसरल्यामुळे, चित्र मऊ पडते. वारा असेल तर शटर 1/250 सेकंदापेक्षा मंद करू नये, त्यासाठी आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) खुशाल वाढवावा.

रंगांचे वागणे वेगवेगळे असते. अनंताचे शुभ्र फूल चौकट भरून घेतले, तर कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर त्याला राखाडी करतो, म्हणून एक्स्पोजर (चित्रात घेतला जाणारा उजेड) पाऊण-एक स्टॉप वाढवावे; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. तेच फूल गर्द ओल्या पानांत लहान दिसत असेल, तर उलट कमी करावे. लाल जास्वंदीसाठी हिस्टोग्राममधील, म्हणजे डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ भाग दाखवणाऱ्या आलेखातील, लाल रंगाचा आलेख पाहावा, कारण तो उजवीकडे आदळला की पाकळ्यांचा पोत कायमचा जातो. पोलरायझर हा लेन्सवर लावायचा फिल्टर पानांवरची चकाकी घालवतो, पण दीड-दोन स्टॉप उजेडही खातो; वाऱ्यात तो मी लावत नाही.

वातानुकूलित खोलीतून कॅमेरा थेट दमट हवेत आणल्यास लेन्सवर बाष्प धरते, म्हणून तो थोडा वेळ पिशवीतच राहू द्यावा. कोकणच्या हवेत लेन्सला बुरशी फार लवकर लागते. कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावा आणि दाण्यांचा रंग पालटताच ते बदलावेत.