‘मस्त’ला इंग्रजीत काय म्हणायचं? या चुका टाळा

आपल्याकडे भरीतही भारी, सौदाही भारी आणि पोराचे मार्कही भारी. अहिराणीत ‘बेस शे’ म्हटलं की विषय संपला. इंग्रजीत मात्र प्रत्येक शब्दाचं वजन वेगळं आणि तो कोणी कोणाला म्हणायचा हेही ठरलेलं.

सगळ्यात जास्त घोळ ‘फाइन’चा होतो. समजा, दुबईचा खरेदीदार रावेरच्या केळी व्यापाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतो, १३ किलोचे बॉक्स सोमवारी लोड करायचे का? इकडून उत्तर जातं, ‘फाइन.’ आपल्या मनात असतं ‘चालेल की’, वाचणाऱ्याला ऐकू येतं ‘करा काय करायचं ते’. बोलताना हा शब्द सुरावर तरून जातो. लिहिताना सूर नसतो, वर पूर्णविरामाने तो आणखी तुटक होतो. ‘दॅट्स फाइन विथ अस’ लिहिलं की धार जाते. ‘साउंड्ज गुड’ त्याहून बरं, कारण त्यात होकारही आहे आणि खुशीही.

‘ओके’ म्हणजे कौतुक नव्हे. १८३९ मध्ये बोस्टनच्या एका वर्तमानपत्रात ‘ऑल करेक्ट’चं मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून हे लघुरूप छापलं गेलं होतं. अर्थ तेव्हाही ‘बरोबर आहे’ एवढाच. कोणी मेहनतीने बनवलेलं डिझाइन पाठवलं आणि आपण ‘ओके’ म्हटलं, तर समोरचा हिरमुसणारच. ‘नाइस’सुद्धा तिथे कोमटच पडतं. ‘ग्रेट’ म्हणा आणि नेमकं काय आवडलं ते एका ओळीत जोडा.

‘गुड जॉब’ आणि ‘वेल डन’ वरून खाली येतात: शिक्षक विद्यार्थ्याला, साहेब हाताखालच्याला. आपण साहेबाला किंवा गिऱ्हाइकाला म्हटलं तर पाठ थोपटल्यासारखं वाटतं. तिथे ‘थँक यू, धिस रिअली हेल्प्स’.

‘व्हेरी ऑसम’ हे तर सर्रास ऐकू येतं. ‘व्हेरी’ चालतं ते गुड, नाइस, कूल यांच्या आधी. ऑसम, ब्रिलियंट, फॅन्टॅस्टिक मुळातच टोकाचे शब्द, त्यांना ‘रिअली’ किंवा ‘अ‍ॅब्सोल्यूटली’ लावा. ‘टू गुड’ आपल्याकडे शाबासकी असते. बाहेरच्याला त्यात ‘प्रमाणाबाहेर’चा वास येऊ शकतो.

ब्रिटिश माणूस ‘पाच वाजता येतो’ एवढ्यालाही ‘ब्रिलियंट’ म्हणतो, त्याने हुरळून जाऊ नका. त्याचं ‘क्वाइट गुड’ बरेचदा ‘ठीकठाक’ असतं, अमेरिकनाचं मात्र ‘चांगलंच’. ब्रिटिशाने ‘नॉट बॅड’ म्हटलं तर खुशाल कौतुक समजा, पण दुसऱ्याच्या कामाला आपण ते लावू नये.

चहा विचारल्यावर ‘आय अ‍ॅम गुड’ म्हणजे ‘नको’. हवा असेल तर ‘यस, प्लीज’ म्हणा, नाहीतर कप येणारच नाही.

वडील अ‍ॅडमिट आहेत, पेमेंट दोन दिवस उशिरा होईल, अशा निरोपावर ‘कूल’ नको. ‘नो प्रॉब्लेम, टेक केअर’ पुरे. गाडी घाटात अडकली या बातमीवर नुसतं ‘ग्रेट’ लिहिलं तर तो टोमणाच होतो.

चुकीचा शब्द गेलाच असेल तर सफाई देत बसू नका. लगेच पुढची ओळ पाठवा: ‘मंडे वर्क्स वेल फॉर अस. वुई विल कीप द बॉक्सेस रेडी.’