जुन्या डिझेल पिकअपचा पिवळा दिवा: माल निघण्याआधी काय तपासावं

पाऊस उघडला, सोयाबीन निघालं, टोमॅटो चालू आहे आणि लाल कांदा मागोमाग येतोय. या दिवसांत पिकअप एक दिवस उभी राहिली तरी परवडत नाही, आणि ती नेमकी याच दिवसांत उभी राहते. चार महिने ओलाव्यात राहिलेलं वायरिंग, टाकीच्या तळाला साठलेलं पाणी आणि रान मोकळं झाल्यावर घराकडे वळलेले उंदीर, या सगळ्यांची वसुली ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते. मीटरवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो आणि गाडी ओढायची बंद होते.

गेल्या हंगामात माझीच गाडी संगमनेरहून नारायणगावला टोमॅटो घेऊन चालली होती. चंदनापुरी घाटात तिनं दम टाकला. ॲक्सिलरेटर तळाला टेकलेला, तरी इंजिन रेस घेईना. कसाबसा माल पोचवला आणि एका गॅरेजात स्कॅनर लावला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचणारं यंत्र. कोड आला पी-००८७, म्हणजे रेलमध्ये, इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलांच्या सामाईक नळीत, डिझेलचा दाब कमी. मिस्त्री म्हणाला, पंप गेला, तीस हजार धरून चला. खिशात तेवढे नव्हते म्हणून वाचलो. घरी येऊन डिझेल फिल्टरच्या खालचा पाणी काढायचा स्क्रू सैल करून काचेची बाटली धरली. वर पिवळं डिझेल, खाली दोन बोटं पाणी आणि मधे राखाडी साय. शिवाय टाकीकडून फिल्टरला येणाऱ्या रबरी पाईपची क्लिप ढिली, तिथून हवा ओढली जात होती. नवा फिल्टर, वीतभर पाईप आणि दोन क्लिपा. पंप अजून तोच आहे.

मिस्त्रीनं कोड चुकीचा वाचला नव्हता. दाब खरंच कमी होता. पण दाब का कमी आहे हे कोड सांगत नाही. फिल्टर चोंदला, हवा शिरली, नोझल जास्त डिझेल परत सोडतंय, पंप झिजला, या चारही गोष्टींना कोड तोच येऊ शकतो. म्हणून स्वस्त गोष्टीपासून सुरुवात करायची आणि पंपापर्यंत शेवटी जायचं. नोझलवर संशय असेल तर चारही नोझलच्या रिटर्न पाईपना सारख्या बाटल्या लावून परतीचं डिझेल मोजायला सांगा. एक बाटली बाकीच्यांच्या कितीतरी आधी भरली, तर चोर सापडला.

इथे एक ताकीद. जुन्या ट्रॅक्टरची हवा काढताना आपण नोझलचा नट सैल करतो. अशी सामाईक नळी असलेल्या, म्हणजे कॉमन रेल गाडीवर, इंजिन चालू असताना, हे कधीही करू नका. आतला दाब हजार बारच्या वर जातो, आणि ती बारीक चिळकांडी कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी थेट दवाखान्यात जायचं आणि दाबाचं डिझेल आत गेलंय असं स्पष्ट सांगायचं. गळती शोधायची तर पुठ्ठा धरा, हात नको.

स्कॅनरचं सॉकेट सोळा पिनांचं असतं, स्टिअरिंगखाली डॅशबोर्डच्या पोटात. एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ हे गाड्यांच्या धुराचं मानक लागू झालं. त्यानंतरच्या गाड्यांना मोबाईलवर चालणारा साधा ब्लूटूथ स्कॅनर बहुधा पुरतो. त्याआधीच्या काही गाड्या त्याला जुमानत नाहीत, त्यांना कंपनीचा स्कॅनर लागतो. आणि पूर्ण मेकॅनिकल पंपाची गाडी असेल तर कोडचा प्रश्नच नाही, कान आणि धूर हाच स्कॅनर.

कोड दिसला की आधी फोटो काढा, मगच पुसा. बरेच जण बॅटरीची वायर काढून दिवा घालवतात. दिवा जातो, पण बिघाड झाला तेव्हाचा वेग, रेस आणि तापमान यांची नोंदही त्याबरोबर जाते. सात-आठ कोड एकदम आले तर घाबरू नका, बॅटरी मोजा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.४ व्होल्टच्या वर आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ हवेत. सेल्फ मारताना व्होल्टेज फार पडलं की कॉम्प्युटर भलत्याच तक्रारी नोंदवतो. अर्थिंगची वायर चेसीला जिथे बसते तिथला गंज घासून घ्या, निम्मे कोड तिथेच मरतात.

उंदरांचं काम ओळखायला सोपं आहे. पी-०११८, म्हणजे इंजिनाच्या पाण्याचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा कोड, आला आणि स्कॅनरवर पाण्याचं तापमान उणे ४० दाखवत असेल, तर आपल्याकडे एवढी थंडी नाही. वायर तुटली आहे किंवा तिचा जोड (कपलर) निघालाय. सेन्सर विकत घेण्याआधी वायर बोटांनी शेवटपर्यंत चाचपा. बॉनेटखाली भुसा, चिंध्या किंवा लेंड्या दिसल्या की समजायचं. गाडी धान्याच्या पोत्यांशेजारी लावू नका.

पी-०२९९ म्हणजे टर्बोची, इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंख्याची, हवा कमी पडते. चढावर काळा धूर आणि फुसफुस असा आवाज आला तर इंटरकूलरचे, म्हणजे टर्बोची हवा गार करणाऱ्या जाळीचे, होज बघा. फाटलेल्या जागी ऑइलचा ओलसर काळा डाग असतो. टर्बो बदला असं कुणी म्हटलं तर आधी तो डाग शोधायला लावा.

पी-०४०१ जुन्या गाडीत येणारच. ईजीआरच्या, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात फिरवणाऱ्या, वाटेत काजळी साचते. उघडून साफ करून घ्या. पत्रा मारून वाट बंद करायचा सल्ला मिळेल, पण मग तोच कोड कायमचा येत राहतो आणि बेकायदेशीर बदल झाला तो वेगळाच.

गाडी तापली की बंद पडते, अर्ध्या तासानं गार झाल्यावर चालू होते आणि पी-०३३५ दिसतो, तर बहुतेक क्रँक सेन्सर (इंजिनाचं फिरणं मोजणारा) किंवा त्याची वायर. हा मात्र पुढे ढकलू नका, ही गाडी रात्री घाटात बंद पडते.

पिवळा दिवा स्थिर असेल तर हळू चालवत गाव गाठता येतं. ऑइलचा लाल दिवा लागला किंवा तापमानाचा काटा लालमध्ये गेला तर तिथेच बाजूला घ्या, क्रेट दुसऱ्या गाडीत भरा.

दुरुस्ती झाल्यावर रिकामी गाडी गावातून फिरवून समाधान मानू नका. कोड पुसून, वीस-पंचवीस भरलेले क्रेट टाकून जवळचा चढ चढवा आणि परत स्कॅनर लावा. हे भाड्याच्या दोन दिवस आधी करा, म्हणजे काही निघालंच तर गॅरेजला एक दिवस मिळतो.