मिडी ट्रॅक मुका झाला तर

मिडी ही कीबोर्ड आणि कॉम्प्युटर यांच्यातली निरोपांची भाषा. तिच्या केबलमधून आवाज जात नाही; कोणती पट्टी, किती जोरात, असे निरोपच जातात. ते पोचतायत का, हे आधी बघा. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक आर्म करा (म्हणजे रेकॉर्डिंगसाठी तयार ठेवा), इनपुटला सगळे मिडी इनपुट आणि सगळे चॅनल निवडा, मॉनिटरिंग चालू करून पट्टी दाबा.

मीटर हललाच नाही तर प्रेफरन्सेसमध्ये कीबोर्डचा इनपुट एनेबल करा. विंडोजवर दुसऱ्या सॉफ्टवेअरनं कीबोर्डचा पोर्ट अडवलेला असू शकतो. ते सॉफ्टवेअर बंद करा. पाच पिनांच्या केबलला कीबोर्डचा आउट इंटरफेसच्या (कॉम्प्युटरला जोडायच्या डबीच्या) इनमध्येच हवा. इनला इन जोडणारे कमी नाहीत!

मीटर हलतोय पण शांतता? मग ट्रॅकवर वाद्याचा प्लगइन (आवाज तयार करणारं जोड-सॉफ्टवेअर) आहे का, त्याचा चॅनल जुळतो का आणि सीसी ७ (व्हॉल्यूमचा मिडी निरोप) किंवा ११ (एक्स्प्रेशनचा, म्हणजे वाजवताना आवाज कमी-जास्त करण्याचा) शून्यावर अडकलाय का, ते तपासा.