वरंब्याला भेग दिसली की त्याच दिवशी भर लावा

पाऊस ओसरला की ऑक्टोबरचं ऊन आठवडाभरात माती तडकवतं. गोराई, मनोरी, उत्तन, वसईत ज्यांची रताळी जमिनीत आहेत, त्यांनी आजच वेल उचलून वरंबा पाहावा. वरून वेल हिरवागार असतो, म्हणून खाली कोणी वाकून बघत नाही, आणि दरवर्षी पीक तिथेच हातचं जातं.

रताळी पोखरणारा सोंड्या किडा मुंगीसारखा दिसतो. अंग निळसर काळं, मधला भाग तांबडा. त्याला माती उकरून खाली जाता येत नाही. कंद फुगला की वरंबा फाटतो आणि त्या भेगेतून किडा कंद गाठतो, सालीत अंडी घालतो. अळी एकदा आत शिरली की फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही. दुकानदार या दिवसांत दाणेदार औषध आणि कंद फुगवायचं टॉनिक गळ्यात मारतात. ते पैसे दोन मजुरांच्या रोजाला द्या आणि भर लावून घ्या, म्हणजे वरंब्यावर माती चढवून भेगा बुजवून घ्या.

शिफारस लागणीनंतर 30 आणि 60 दिवसांनी भर लावण्याची आहे. माझ्या मते आपल्याकडे पाऊस उघडल्यावर तिसरी भर लागतेच, मग दिवस कितीही झालेले असोत. भर लावून हलकं पाणी द्या, म्हणजे माती पुन्हा तडकणार नाही.

सापळ्यालाही फार खर्च नाही. 50 ते 80 दिवसांच्या पिकात दर 5 मीटरवर साधारण 100 ग्रॅम रताळ्याचे तुकडे ठेवा. त्यावर जमलेले किडे मारा, तुकडे दर 10 दिवसांनी बदला. कामगंध सापळा (मादीच्या वासाने नर किडे ओढणारा) मिळाला तर उत्तमच. किनाऱ्यावरच्या मर्यादवेलीवरही हा किडा जगतो. पण ती वाळू धरून ठेवते, तिला हात लावू नका. तिच्या जवळच्या वाफ्यांवर मात्र जास्त लक्ष ठेवा.

रब्बी लागणीसाठी:
– ऑक्टोबर-नोव्हेंबर, बेणं निरोगी वेलाच्या शेंड्याचं, 20-30 सेंमी
– अंतर 60 × 20 सेंमी. जात कोकण अश्विनी
– हेक्टरी शेणखत 10 टन. नत्र, स्फुरद, पालाश 75:50:75 किलो
– गेल्या वर्षीच्याच वाफ्यात पुन्हा रताळं नको

युरिया वाढवू नका, नुसता वेल माजतो.

तयार झालेलं पीक भाव वाढेल म्हणून जमिनीत ठेवू नका. काढणीनंतर किडके कंद आणि वेल शेतात सोडू नका, खोल पुरून टाका. सडलेली, बुरशी आलेली रताळी गुरांनाही घालू नका, त्यांच्या फुप्फुसांना बाधा होते.

वाळवणाचे काप करणाऱ्या भगिनींनो, किडका भाग काढून उरलेलं वापरू, असं मनात आणू नका. अळी लागली की कंद कडवट होतो आणि तो कडूपणा भोवतालच्या चांगल्या दिसणाऱ्या भागातही उतरतो. उकडून, वाळवून, तळून तो जात नाही. एका कंदाने अख्खा घाणा बिघडतो आणि उपवासाचं गिऱ्हाईक तुटतं. म्हणून प्रत्येक कंद आधी मधोमध चिरून बघा.

चांगल्या कंदांचे 2-3 मिमी काप करून लगेच पाण्यात टाका, नाहीतर काळे पडतात. उकळत्या पाण्यातून 2-3 मिनिटं काढा, निथळून जाळीवर एकेरी पसरा. ऊन उतरलं की काप घरात घ्या, आपल्या खाऱ्या हवेत रात्रभर राहिले तर पुन्हा ओल धरतात. मोडताना कट्कन आवाज आला की वाळले. पूर्ण गार झाल्यावरच हवाबंद डब्यात भरा.