गळका गिझर आणि हातातले मोजके पैसे

गिझरखालची फरशी ओली दिसली की पहिले काम दुरुस्तीचे नसून वीज बंद करण्याचे असते. केवळ भिंतीवरचे बटण बंद करून थांबू नये, तर वीजपेटीतील गिझरचा एमसीबी खाली पाडावा. कारण बटणाची जोडणी चुकीच्या तारेवर झालेली असेल तर बटण बंद असूनही गिझरपर्यंत वीज पोहोचत राहते. मग गिझरकडे जाणाऱ्या थंड पाण्याच्या नळीवरचा अँगल कॉक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून बंद करावा. जुन्या इमारतींत हा कॉक क्षारांनी जाम झालेला असतो आणि पक्कड लावून जोर केल्यास भिंतीतच तुटतो. अशा वेळी बाथरूमचा किंवा गच्चीवरून आपल्या घरात येणाऱ्या नळाचा व्हॉल्व्ह बंद करावा. पाणी बरेच वाहिले असेल तर खालच्या मजल्यावरच्यांना त्याच वेळी सांगून ठेवावे. त्यांच्या छताला ओल आल्यावर सुरू होणारी तक्रार गिझरपेक्षा महाग पडू शकते.

एवढे झाले की घाई संपते, आणि पैसे वाचवण्याचे खरे काम इथून पुढे सुरू होते. गळती नेमकी कुठून आहे हे ठाऊक नसताना कारागिराला बोलावले, तर तो सांगेल ते मान्य करण्यापलीकडे आपल्या हाती काही उरत नाही. दोन हिवाळ्यांपूर्वी आमच्या पुण्यातल्या कोथरूडच्या घरी आलेल्या कारागिराने गिझरकडे नुसते पाहून टाकी फुटल्याचे आणि नवा गिझर घ्यावा लागेल असे सांगितले. प्रत्यक्षात थंड पाण्याच्या नळीतला रबरी वॉशर कडक होऊन चिरला होता. आमचा संपूर्ण खर्च एका वॉशरचा झाला.

गळती शोधण्यासाठी गिझर, नळ्या आणि भिंत कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून घ्यावी, खाली वर्तमानपत्र अंथरावे, वीज बंदच ठेवून फक्त पाण्याचा कॉक उघडावा आणि प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू पेपर टेकवून पाहावा. पाणी नळीच्या कडेने उतरत जाते, त्यामुळे थेंब पडतो ती जागा आणि पाणी सुटते ती जागा वेगळी असू शकते. म्हणून नेहमी वरून खाली तपासत यावे. अर्धा तास थांबूनही काही ओले झाले नाही, तर गळती पाणी तापताना होते असे समजावे. ती खात्री करण्यासाठी गिझर चालू करायचा असेल, तर आतल्या वायरिंगपर्यंत पाणी गेलेले नसल्याचीच आधी खात्री हवी. खालच्या झाकणाच्या फटीतून पाणी येत असेल तर हा प्रयोग करूच नये.

पाणी फक्त तापताना आणि सेफ्टी व्हॉल्व्हमधून, म्हणजे जास्तीचा दाब बाहेर सोडणाऱ्या झडपेतून, थेंब थेंब येत असेल, तर बहुधा काहीच बिघडलेले नसते. पाणी तापले की प्रसरण पावते. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ७० अंशांपर्यंत तापवले तर ते सुमारे ३०० मिलिलिटरने वाढते, आणि ही वाढ बाहेर पडायला वाट लागते. व्हॉल्व्हच्या तोंडाला पातळ नळी लावून ती मोरीत सोडली की प्रश्न मिटतो. गिझर थंड असतानाही तिथून सतत पाणी येत असेल तर आत कचरा किंवा क्षार अडकलेला असू शकतो. व्हॉल्व्हची दांडी दोनतीनदा उचलून सोडल्यावर तो पुष्कळदा निघून जातो. मात्र हे गिझर पूर्ण थंड असतानाच करावे. उंच इमारतींत खालच्या मजल्यांवर पाण्याचा दाबच जास्त असतो, कारण दर १० मीटर उंचीमागे सुमारे १ बार दाब वाढतो. तिथे सोसायटीकडे दाब कमी करणाऱ्या व्हॉल्व्हची चौकशी करावी. थेंब नकोसे वाटतात म्हणून सेफ्टी व्हॉल्व्हचे तोंड बुजवणे मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नये. पाणी पुरेसे तापल्यावर वीज तोडणारा थर्मोस्टॅट बिघडला आणि वाफेला वाट नसली तर गिझर फुटतो, आणि तेव्हा खाली कोणी अंघोळ करत असू शकते.

जोडांची गळती घरच्या घरी थांबवता येते. लवचिक कनेक्शन पाइप वॉशरवर बसतो, त्यामुळे त्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळली तरी उपयोग होत नाही. वॉशरच बदलावा लागतो. टेप लागते ती निपल (आट्यांचा छोटा जोडनळा) किंवा व्हॉल्व्हच्या आट्यांना, आणि ती आटे बसतात त्याच दिशेने, ताणून, आठ-दहा वेढ्यांनी गुंडाळावी. नट आवळताना एका पान्याने गिझरची तोटी धरून ठेवावी आणि दुसऱ्याने नट फिरवावा, कारण ती तोटी टाकीलाच जोडलेली असते आणि पिळली गेली तर साध्या गळतीची मोठी गळती होते.

खालच्या झाकणातून पाणी येत असेल तर बहुतेक वेळा फ्लँजचा (टाकीचे तोंड बंद करणाऱ्या चकतीचा) गॅस्केट, म्हणजे रबरी कडे, गेलेला असतो. हे काम जाणत्या इलेक्ट्रिशियनचे आहे आणि इथे काटकसर करू नये. मात्र गिझर एकदा उघडला की एकाच फेरीत तीन कामे करून घ्यावीत: गॅस्केट बदलणे, हीटिंग एलिमेंटवरचा क्षार काढणे आणि मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड पाहणे. हा रॉड टाकीऐवजी स्वतः झिजतो. तो संपला की गंज टाकीला लागतो. खडकवासल्याचे पाणी मिळणाऱ्या पेठांपेक्षा बोअरवेल आणि टँकरवर चालणाऱ्या उपनगरांत पाणी जड असते, त्यामुळे तिथे रॉड दर वर्षी पाहून घ्यावा. या छोट्या खर्चावर टाकीचे आयुष्य अवलंबून असते. कारागिराला फोनवरच फेरीचे पैसे किती आणि ते दुरुस्तीच्या रकमेतून वजा होतात का हे विचारावे, आणि बदललेला जुना भाग मागून घ्यावा.

टाकीच फुटली असेल तर एम-सील लावून पैसे घालवू नयेत. दाबाखाली ते टिकत नाही, आणि आतून काचेचा लेप असलेली टाकी वेल्डिंग केल्यास तो लेप जळतो. त्याआधी बिल आणि वॉरंटी कार्ड शोधावे, कारण अनेक कंपन्या टाकीवर पाच वर्षे किंवा त्याहून अधिक वॉरंटी देतात आणि लोक ती विसरून नवा गिझर आणतात. जुन्या, तांब्याच्या टाकीची गोष्ट वेगळी आहे. तिला डाख लावता येतो आणि कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्याचे काम जाणणारी माणसे आहेत. दुरुस्ती नको असेल तरी तांब्याला भंगारात चांगला भाव येतो, तेव्हा ती टाकी कोणाला फुकट देऊ नये. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी खर्च करण्यापूर्वी करारनामा वाचावा आणि गळतीचे फोटो घरमालकाला पाठवून लेखी होकार घ्यावा.

नवा घ्यायचाच असेल तर पुण्याच्या तपकीर गल्लीतील विजेच्या सामानाच्या दोनतीन दुकानांत भाव विचारून मगच घ्यावा, आणि बसवण्याचे, पाइपांचे व व्हॉल्व्हचे पैसे किमतीत धरलेले आहेत का हे आधी ठरवावे. तोवर बादलीत पाणी तापवायचा रॉड लावून भागवता येते. १५०० वॅटचा रॉड १५ लिटर पाणी साधारण १८ मिनिटांत अंघोळीजोगे करतो. मात्र प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नये आणि लहान मुले असलेल्या घरात बादली एकटी सोडू नये.

दुरुस्तीनंतर आधी गरम पाण्याचा नळ उघडा ठेवून मग थंड पाण्याचा कॉक उघडावा. नळातून हवा फुरफुरत येणे थांबून अखंड धार लागली म्हणजे टाकी भरली. ती भरण्याआधी वीज दिल्यास एलिमेंट जळते आणि सगळा खर्च पुन्हा करावा लागतो. खाली नवे वर्तमानपत्र अंथरून पहिल्यांदा पाणी तापेपर्यंत तिथेच थांबावे, आणि रात्रभर तो कागद तसाच ठेवून सकाळी पाहावा.