खळीचं सूत, आधणाची भाकरी आणि आयोडीनचा थेंब: जैवरेणू घरी कसे तपासायचे

अकरावीला जैवरेणूंचा धडा आला की पोरं तक्ता पाठ करतात. कर्बोदकं, प्रथिनं, मेद, न्यूक्लिइक आम्लं. पेपर लिहून झाला की तक्ता विसरतो. मी सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला शिकवणी घेते. येणाऱ्या बऱ्याच पोरांच्या घरी माग आहे, नाहीतर आज्जा मागावर होता. म्हणून मी सुरुवात सुतापासून करते.

मेडिकलमधून टिंक्चर आयोडीन आणा आणि फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाचं होईपर्यंत त्यात पाणी घाला. कांजी घातलेल्या सुती साडीची चिंधी घ्या. ओळखीत सायझिंगवाला (सुताला खळ देणारा) असेल तर स्टार्चची खळ दिलेलं ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्याचं, वाया गेलेलं सूत मागा. सोबत पुष्कळ धुण्यांतून गेलेल्या पांढऱ्या सुती चादरीचा धागा. दोन्हींवर एकेक थेंब टाका. खळीचं सूत काळंनिळं पडतं, चादरीचा धागा नुसता पिवळट राहतो.

खळीतला स्टार्च आणि कापसातला सेल्युलोज दोन्ही ग्लुकोजचेच. फरक फक्त जोडात. स्टार्चमध्ये अल्फा-१,४ बंध असतो, त्यामुळे साखळी गोल जिन्यासारखी वळत जाते, एका वेढ्यात साधारण ६ ग्लुकोज. त्या पोकळीत आयोडीन शिरून बसतं आणि रंग दिसतो. सेल्युलोजमध्ये बंध बीटा-१,४. प्रत्येक पुढचा ग्लुकोज उलटा बसतो, साखळी सरळ राहते, शेजारच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरतात. आयोडीनला शिरायला जागाच नाही. एका बंधाची दिशा फिरली आणि एकीकडे अन्न झालं, दुसरीकडे चादर. धड्यातलं दुसरं काही नाही कळलं तरी चालेल, एवढं कळलं पाहिजे.

पटत नसेल तर वाटीभर पाण्यात चिमूटभर साबुदाण्याचं पीठ शिजवा, गार करून आयोडीन टाका. ती निळी वाटी उकळत्या पाण्यात ठेवा. रंग उडतो, कारण वेढे सैल होतात. गार झाली की निळा परत येतो. दुसऱ्या वाटीतल्या पेजेत आयोडीन टाकायच्या आधी थोडी लाळ मिसळून दहा-पंधरा मिनिटं कोमट ठेवा. मग आयोडीन टाकलंत तरी निळा रंग उमटत नाही, निदान फारच फिका पडतो. लाळेतल्या अमायलेज या विकरानं साखळी तोडलेली असते. कापडावरची खळ काढायला गिरण्यांतही अमायलेजच वापरतात. सूत तसंच राहतं, कारण बीटा बंध त्याला तुटत नाही. (वाटी नंतर स्वयंपाकघरात परत नेऊ नका. सांगावं लागतं.)

आता प्रथिनं. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी घ्या, एकदा गार पाण्यात पीठ मळा, एकदा आधणाच्या पाण्यात. गार पाण्यातली भाकरी थापताना कडेनं तडकते. गव्हाची कणीक मात्र गार पाण्यातही ताणली जाते. गव्हातली ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिनं पाणी मिळालं की एकमेकांत गुंतून ग्लुटेनचं जाळं करतात. ज्वारीतलं मुख्य साठवणीचं प्रथिन काफिरिन; ते घट्ट गोळ्यांत बंद, पाण्याला दाद न देणारं. जाळं होत नाही, म्हणून आधणाच्या पाण्यानं स्टार्च फुगवून चिकटपणा आणावा लागतो. प्रथिनांचे घटक म्हणजे वीसच अमिनो आम्लं, पण क्रम बदलला की घडी बदलते, घडी बदलली की काम बदलतं. हे पाठ करण्यापेक्षा आईला एकदा थापताना बघा.

प्रथिनं ओळखायची बाययुरेट चाचणी मात्र कॉलेजच्या प्रयोगशाळेतच करा. डाळिंबाची बाग असलेल्या घरात बोर्डो मिश्रणाच्या फवारणीसाठी आणलेलं मोरचूद असतं, तेच या चाचणीला लागतं, पण त्यासोबत कॉस्टिक सोडा लागतो आणि तो डोळ्यात गेला तर खेळ नाही. अंड्याच्या पांढऱ्यात जांभळा रंग आला की अमिनो आम्लांना जोडणारे पेप्टाइड बंध आहेत असं समजा.

मेदासाठी शेंगदाणा कागदावर चिरडा, उजेडाला धरा. आरपार दिसणारा डाग सुकून जात नाही. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल असतं, उखळात चटणी कुटणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. एक लक्षात ठेवा: मेद हा खरा महारेणू (लहान घटक जोडत जाऊन झालेला प्रचंड रेणू) नव्हे. त्याचा रेणुभार साधारण हजाराच्या आत असतो आणि त्याची स्टार्चसारखी साखळीही नसते. पेशी वाटल्यावर मेद असलेल्या पेशीपटलांचे तुकडे पाण्यात न विरघळता बाकी मोठ्या रेणूंसोबत खाली बसतात, म्हणून तो त्या गटात मोजला जातो. प्रवेश परीक्षांत हमखास विचारतात.

राहिलं न्यूक्लिइक आम्ल, म्हणजे डीएनए; त्याला फार सामान लागत नाही. केळं कुस्करा, मीठ आणि भांड्यांच्या लिक्विडचे थेंब घाला, हळूच ढवळा, गाळा, आणि फ्रीजमध्ये गार केलेलं स्पिरिट कडेनं सोडा. मधल्या थरात पांढुरके तंतू वर येतात, काडीला गुंडाळता येतात. त्यात थोडी प्रथिनंही अडकलेली असतात, निव्वळ डीएनए समजू नका. जवळ गॅस पेटलेला नको.

आयोडीनचा डाग पांढऱ्या कापडावर पडला तर व्हिटॅमिन सीची गोळी पाण्यात कुस्करून लावा, लगेच जातो. रंगीत साडी असेल तर आधी पदराच्या आतल्या कोपऱ्यावर लावून बघा, आणि आईला विचारून.