ओटीपोटाच्या जुनाट दुखण्यावर कोणतं शिथिलीकरण लागू पडतंय, हे कसं तपासावं

ओटीपोट सहा-सहा महिने दुखत असलं की सल्ले देणाऱ्यांना तोटा नसतो. 'टेन्शन घेऊ नका, शवासन करा, बरं वाटेल.' शवासनाला माझी हरकत नाही. पण तेवढ्यापुरतं बरं वाटणं वेगळं आणि दुखणं खरोखर उतरणं वेगळं. दुसरं मोजल्याशिवाय कळत नाही.

तुमच्या तपासण्या झाल्या आहेत, औषधं चालू आहेत, असं धरून चालते. लघवीतून रक्त, ताप, लघवी अडकणं, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्तस्राव असेल, तर आधी दवाखाना गाठा.

पद्धत एका वेळी एकच घ्या: पोटाने श्वास, योगनिद्रा किंवा एडमंड जेकबसन या अमेरिकी डॉक्टरांची स्नायू आवळून सोडण्याची रीत. तिन्ही एकदम सुरू केल्या तर गुण कशाचा आला ते कधीच कळणार नाही. जेकबसनची रीत घेतलीत तर मुठी, खांदे, पोटऱ्या खुशाल आवळा; नितंब आणि लघवी रोखायचे स्नायू मात्र आवळू नका. बऱ्याच जणांचे ते दुखण्यामुळे आधीच ताठरलेले असतात. 'केगल करा', म्हणजे तेच स्नायू आवळायचा व्यायाम करा, असं सरसकट सांगणाऱ्यांचंही याच कारणाने ऐकू नका. फिजिओथेरपिस्टने तपासून सांगितलं तरच ते करा.

पोटाने श्वास घ्यायचा तर उताणं झोपा, गुडघ्यांखाली उशी, एक हात बेंबीखाली. श्वास आत जाताना श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला स्नायूंचा पडदा, खाली सरकतं आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायूही खाली उतरतात. ते उतरू द्या, ढकलू नका. कुंथल्यासारखं वाटलं तर जोर जास्त होतोय. दिवसातून दोनदा दहा मिनिटं, दुखत नसेल त्या दिवशीही.

खरी मेख आहे मोजण्यात. माझं घोडं बराच काळ इथेच अडलं होतं.

हे दुखणं मुळातच चढतं-उतरतं. नवा उपाय माणूस करतो तो दुखणं अगदी असह्य झाल्यावर. त्यानंतर ते पुष्कळदा आपोआपही थोडं उतरतं आणि श्रेय उपायाला जातं. म्हणून काहीही सुरू करण्याआधी महिनाभर, पाळी येत असेल तर एक पूर्ण चक्र, नुसती नोंद ठेवा. ही पायरी गाळणार असाल तर पुढचं सगळं व्यर्थ आहे.

दुधाचा हिशेब लिहितो तसं कॅलेंडरच्या चौकटीत रोज रात्री ठरल्या वेळी लिहा. '६, ४०, २, १' म्हणजे दुखणं दहापैकी सहा, सलग चाळीस मिनिटं बसता आलं, रात्री दोनदा जाग आली, वेदनाशामक गोळी एक. शिथिलीकरण संपल्या संपल्या आकडा लिहू नका. तेव्हा अंग सैल असतं, त्यामुळे तो फसवा येतो.

तुलना सारख्या दिवसांचीच करा. पाळीचा दुसरा दिवस मागच्या पाळीच्या दुसऱ्या दिवसाशी ताडा, मधल्या निवांत आठवड्याशी नाही. दुखणं निदान दोन आकड्यांनी किंवा साधारण तिसऱ्या हिश्शाने उतरलं, तरच फरक पडला म्हणा. ६ वरून ५ ही नेहमीची हेलकाव्यातली घट असू शकते. जुनाट प्रोस्टेटायटिस (प्रोस्टेट ग्रंथीचं दुखणं) असलेल्या पुरुषांसाठी १९९९ पासून एनआयएच-सीपीएसआय ही त्रास मोजायची ० ते ४३ गुणांची प्रश्नावली वापरात आहे. तिच्यात सहा गुणांची घट अर्थपूर्ण धरतात.

चारही आकडे एकत्र वाचा. दुखणं उतरलं पण गोळ्या वाढल्या, तर गुण गोळीचाही असेल. दुखणं तेवढंच आहे, पण चाळीसऐवजी नव्वद मिनिटं बसता येतंय आणि झोप मोडत नाही, तर मी ती पद्धत सोडणार नाही.

दोन महिने नेमाने करूनही काहीच हललं नाही, तर खुशाल सोडा आणि पुढची धरा. डोळे मिटून अंगाकडे लक्ष दिल्यावर घाबरं होत असेल, जुने अत्याचार आठवत असतील, तर मात्र दोन महिने थांबू नका. त्याच दिवशी बंद करा आणि समुपदेशकाशी बोला.

फरक पडला तरी औषधं आपल्या मनाने कमी करू नका. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) शिथिलीकरणाने नाहीसा होत नाही. कॅलेंडरची पानं पुढच्या भेटीला सोबत न्या आणि गोळ्यांचं काय करायचं ते डॉक्टरांना त्यावरून ठरवू द्या.